कोळशाच्या बंद खाणी व ऊर्जेची साठवण

जर्मनीतील ऱ्हूर प्रदेशातील बोट्रॉप या गावी २१ डिसेंबर २०१८ रोजी एक छोटेखानी समारंभ झाला. प्रॉस्पर-हानिएल या खाणीतून काढलेला दगडी कोळशाचा अखेरचा तुकडा खाणकामगारांनी राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती दिला, आणि ज्या उद्योगावर त्या देशाचे यंत्रयुग उभे राहिले त्या दगडी कोळशाच्या खाणकामाची तेथे समाप्ती झाली. कोळसा निघणे थांबले. पंप मात्र थांबले नाहीत, आणि ते कधी थांबतील असा संभवही नाही. पिढ्यानुपिढ्या पोटातील कोळसा काढून घेतल्यामुळे ऱ्हूरची जमीन कित्येक ठिकाणी वीस मीटरांहून अधिक खचली आहे. ओढेनाले वर आणि वस्ती खाली अशी विपरीत स्थिती तेथे उत्पन्न झाली आहे. भूपृष्ठावरील पाणी सतत उपसले नाही, तर गावेच्या गावे पाण्याखाली जातील. आणि खाणींत साचणारे पाणी एका मर्यादेच्या वर चढू दिले, तर पिण्याच्या पाण्याचे भूस्तर बिघडतील. हा उपसा चालू ठेवण्यासाठी २००७ मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले असून या कामी दरवर्षी वीस कोटी युरोंच्या वर खर्च होतो. जर्मन भाषेत या खर्चाला ‘चिरंतन भार’ अशा अर्थाचा शब्द रूढ आहे, आणि तो अतिशयोक्तीचा नाही.

पाणी उपसणे जर अटळच आहे, तर त्या पाण्याला, त्या पोकळीला आणि त्या उभ्या कूपांना काही कामाला लावता येईल काय, हा प्रश्न मग आपोआपच उत्पन्न होतो. सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज मागणीच्या वेळेची वाट पाहत नाही. भर दुपारी ती उतू जाते आणि दिवेलागणीला तिची वाण पडते. तिची साठवण करण्यासाठी खोली पाहिजे, जागा पाहिजे आणि वीज आणण्या-नेण्याच्या वाहिन्या पाहिजेत. या तिन्ही गोष्टी बंद पडलेल्या खाणी व औष्णिक विद्युत्केंद्रे यांपाशी आयत्या असतात, असे प्रथमदर्शनी वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, याची तपासणी करण्याजोगा अनुभव आता जमा झाला आहे. आणि तो सर्वस्वी उत्साहवर्धक नाही.

या विषयाच्या चर्चेत एक गोष्ट सहसा नजरेआड होते, ती अशी की कोळसा हाच मुळात ऊर्जेचा साठा होता. विद्युत्केंद्राच्या आवारातील कोळशाचा काळा ढीग हे केवळ इंधन नव्हे. मागणी येईल तेव्हा वीज देण्याची ती हमी होती. तिचे परिमाण ध्यानात यावे म्हणून थोडे गणित करणे इष्ट आहे. एक मेगावॅट-तास, म्हणजे व्यवहारातील एक हजार युनिट वीज निर्माण करण्यास भारतीय प्रतीचा कोळसा सुमारे ६०० किलोग्रॅम लागतो. तेवढीच वीज पाण्याच्या रूपाने साठवावयाची, तर ५५० मीटर उंचीवर सुमारे ७४० टन पाणी चढवून ठेवले पाहिजे. वितळलेल्या क्षारांतील उष्णतेच्या रूपाने ती साठवावयाची, तर २० ते २५ टन क्षार हवेत. लिथियमच्या विद्युत्घटांत साठवावयाची, तर सहा-सात टन घट हवेत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. हे केंद्र पूर्ण भाराने दहा दिवस चालेल एवढा कोळसा आवारात पडलेला आहे असे मानले, तर तो साठा सात लक्ष मेगावॅट-तासांचा होतो. जगात ज्यांची वाखाणणी होते ते खाणींतील साठवण-प्रकल्प एक-दोन हजार मेगावॅट-तासांचे असतात. म्हणजे कोळशाच्या त्या एका ढिगाची बरोबरी करावयास असे साडेतीनशे प्रकल्प लागतील. साठवणीची ही साधने काही तासांची आहेत, दहा दिवसांची नव्हेत. दुपारची वीज रात्रीला देणे एवढेच त्यांचे कार्य आहे, पावसाळ्यातील ढगाळ आठवडा निभावून नेणे नव्हे. हे अंतर लक्षात ठेवूनच पुढील विवेचनाकडे पाहावे.

पाण्याच्या साठवणीचे तत्त्व महाराष्ट्रातील वाचकांस नवे नाही. २००८ मध्ये पूर्ण झालेला घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत् प्रकल्प याच तत्त्वावर चालतो: वीज स्वस्त असते तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे, आणि वीज महाग होते तेव्हा तेच पाणी टर्बाइनवाटे खाली सोडावयाचे. यात चढवण्यास लागलेल्या विजेपैकी तीनचतुर्थांशाच्या आसपास वीज परत मिळते. सह्याद्रीच्या कड्याने घाटघरला चारशे मीटरांहून अधिक उंची फुकट दिली आहे. ऱ्हूर प्रदेश सपाट आहे. तेथे वर जाण्यास डोंगर नाही. पण खाली जाण्यास खाण आहे. जमिनीवर एक जलाशय व खाणीच्या पोटात दुसरा, अशी रचना केली तर कड्याचे काम कूप करील, ही प्रॉस्पर-हानिएलच्या योजनेमागील मूळ कल्पना होय.

डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी खाण चालविणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने २०१० नंतरच्या दशकात या कल्पनेचा कसून अभ्यास केला. २०० मेगावॅट वीज सुमारे चार तास देता येईल, अशी योजना आखण्यात आली. त्यासाठी खालच्या जलाशयात सुमारे सहा लक्ष घनमीटर पाणी मावले पाहिजे. ५५० मीटर पातन धरल्यास या आकड्यांचा मेळ बसतो: सहा लक्ष टन पाण्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ९०० मेगावॅट-तास होते, आणि यंत्रांतील घट वजा जाता आठशे हाती राहते. गणित बिनचूक आहे. अडचण आहे ती सहा लक्ष घनमीटर पोकळीची.

जिने दीड शतक कोळसा दिला त्या खाणीत एवढी पोकळी सहज असेल, असे कोणासही वाटेल. परंतु खाण म्हणजे पोखरलेले टाके नव्हे. ऱ्हूरमध्ये कोळसा लांब भिंतीच्या पद्धतीने काढीत. यंत्र पुढे सरकत असता त्याच्या पाठीमागचे छत मुद्दाम कोसळू दिले जाते. या कोसळलेल्या भागास खाणकामात गोफ म्हणतात. वरचा डोलारा हळूहळू खाली बसतो, गोफ दाबला जातो, आणि जी पोकळी भूगर्भात होती ती अखेर भूपृष्ठावर खचलेल्या जमिनीच्या रूपाने प्रकट होते. ऱ्हूरच्या वस्त्या वीस मीटर खाली गेल्या त्या याच कारणाने. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर खाणीतील हरवलेली पोकळी गावांच्या पायाखाली येऊन पोहोचली आहे. ती पाणी साठवण्यास उपलब्ध नाही. उरतात ते वाहतुकीचे व हवेचे बोगदे. तेही भूदाबाने आक्रसत असतात आणि त्यांची देखभाल थांबली की काही वर्षांत निरुपयोगी होतात. म्हणून जर्मन संशोधकांनी जुन्या पोकळीची आशा सोडून नव्या बोगद्यांचे एक वलय खोदण्याचा मार्ग पुढे ठेवला. सात मीटर व्यासाचा बोगदा धरला, तर सहा लक्ष घनमीटरांसाठी त्याची लांबी सुमारे साडेपंधरा किलोमीटर भरते, आणि तो सर्व मजबूत अस्तर लावून जलाभेद्य केला पाहिजे. म्हणजे खाणीकडून आयते मिळते ते काय? उतरण्याचा कूप, भूस्तरांची शंभर वर्षांची माहिती, आणि खोलीवर काम करण्याची सवय असलेली माणसे. ही पुंजी क्षुल्लक नाही; पण पोकळी तीत नाही.

पाण्याचे रसायनही येथे आडवे येते. कोळशाच्या थरांत पायराइट नावाचे लोह व गंधक यांचे खनिज विखुरलेले असते. ते जोवर पाण्याखाली किंवा अखंड खडकात आहे, तोवर निरुपद्रवी असते. हवा व पाणी यांचा एकत्र स्पर्श होताच त्यापासून गंधकाम्ल निर्माण होते. साधारण बंद खाण एकदा पाण्याने भरली की हवेचा संपर्क तुटतो आणि ही क्रिया मंदावते. साठवणीच्या खाणीत मात्र पाण्याची पातळी दिवसातून एक-दोन वेळा चढावयाची व उतरावयाची, म्हणजे तेच खडक आळीपाळीने भिजावयाचे व हवेत उघडे पडावयाचे. अम्ल उत्पन्न करण्याची याहून सोयीची व्यवस्था मुद्दाम करावयाची म्हटले तरी सुचणार नाही. असे पाणी टर्बाइनची पाती व नळ कुरतडते. त्याखेरीज खालचा जलाशय भरताना त्यातील हवेला बाहेर पडण्यास आणि तो रिकामा होताना हवेला आत येण्यास वाट ठेवावी लागते, आणि कोळशाच्या थरांतून सुटणारा मिथेन त्या हवेत मिसळण्याचा धोका असतो. अस्तर लावलेल्या स्वतंत्र बोगद्याच्या वलयाने या दोन्ही अडचणी पुष्कळ कमी होतात. खर्च वाढतो तो याचसाठी.

प्रॉस्पर-हानिएलची योजना प्रत्यक्षात उतरली नाही. तिच्या विरुद्ध कोणी तांत्रिक दोष सिद्ध केला असे नव्हे. हिशोब जमला नाही. सौरवीज वाढल्याने जर्मनीत दुपारचे दर उतरले, व दिवसा महाग वीज विकून चालणाऱ्या जुन्या उदंचन केंद्रांनाही त्या दशकात ओढग्रस्त आली. अशा वेळी जमिनीखाली नवे केंद्र खोदण्यास भांडवल कोण पुरविणार? शिवाय काळाचे बंधनही होते. खाण चालू असते तोवर कूप, हवा, प्रकाश व उपसा यांचा खर्च कोळशावर पडतो. ती बंद झाल्यावर हा सर्व खर्च साठवणीच्या माथी येतो, आणि निर्णय लांबला की कूप भरून टाकावे लागतात. थांबून पाहण्याची सवलत या विषयात कोणासही मिळत नाही.

भारतीय खाणींची रचना ऱ्हूरहून वेगळी आहे. येथील जुन्या भूमिगत खाणींत कोळशाचे खांब राखून मधले मार्ग काढण्याची पद्धत प्रचलित होती, आणि म्हणून पोकळी पुष्कळ ठिकाणी अद्याप शिल्लक आहे. काही ठिकाणी नंतर खांबही काढून त्या जागी रेती भरण्यात आली. उरलेल्या पोकळीत पाणी आहे. येथे जर्मनीतील अडचण नाही, असे म्हणण्यापूर्वी एक तारीख आठवणे अवश्य आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामांत साचलेले पाणी मधला अडसर फोडून खाली शिरले, आणि ३७५ खाणकामगार बुडाले. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी येथेही अशाच प्रकारे २९ जण मृत्यू पावले. भारतीय खाणकामगाराच्या दृष्टीने सोडून दिलेल्या कामातील पाणी ही संपत्ती नसून शत्रू आहे, आणि हा समज अनुभवसिद्ध आहे. राखून ठेवलेले खांब कोरड्या स्थितीत छत पेलण्यासाठी योजिलेले असतात. पाण्याच्या रोजच्या चढउताराने कोळशालगतचा मृदू चिकणखडक ढिला होतो, आणि खांबांवर येणारा भार दर वेळी बदलतो. जेथे शेजारची खाण चालू आहे, किंवा जेथे जुन्या नकाशांवर भरवसा ठेवता येत नाही, तेथे अशा साठवणीचा विचारही करू नये, असेच म्हणावे लागते. झरिया-राणीगंज पट्ट्यात राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या अनेक लहान खाणींचे नकाशे अपुरे आहेत, ही गोष्ट खाण अभियंत्यांस ठाऊक आहे.

उघड्या खाणींची गोष्ट निराळी. तेथे पोकळी डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि तिच्यात माणूस अडकत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात किडस्टन येथील सोन्याच्या उघड्या खाणीचे काम २००१ मध्ये बंद झाले. तेथील दोन जुन्या खड्ड्यांचे वरचा व खालचा जलाशय करून २५० मेगावॅट वीज आठ तास, म्हणजे २००० मेगावॅट-तास देणारे केंद्र उभारण्याचे काम २०२१ मध्ये सुरू झाले. ही खाण कोळशाची नाही, आणि ते महत्त्वाचेही आहे: सोन्याच्या खाणीचा खडक कठीण असतो, कोळशाच्या खाणीचा सहसा नसतो. कोळशाच्या खड्ड्याचे उदाहरण न्यू साऊथ वेल्समधील मसलब्रुकचे आहे. तेथील खाणकाम २०२२ मध्ये संपले आणि त्या खड्ड्यास खालचा जलाशय व लगतच्या डोंगरावर वरचा जलाशय अशी योजना पुढे आली. या योजनेचा प्राण खड्ड्यात नसून डोंगरात आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

वर्धा खोऱ्यातील चंद्रपूर-वणी भागात उघड्या खाणी पुष्कळ आहेत. डोंगर मात्र खाणीनेच केलेला, म्हणजे उपसलेल्या माती-दगडांचा. खड्ड्यातील पाणी शंभर मीटर खाली आणि ढिगारा पन्नास मीटर वर, असे दीडशे मीटर पातन कल्पिले, तर घाटघरएवढी २५० मेगावॅट वीज सहा तास देण्यास सुमारे चाळीस लक्ष घनमीटर पाणी लागेल. मोठ्या खड्ड्याच्या मानाने हे पाणी थोडेच आहे. म्हणजे येथे उणीव जागेची नाही. प्रश्न असा, की ट्रकांनी आणून ओतलेल्या, वर्षानुवर्षे दबत जाणाऱ्या आणि पावसाळ्यात घसरणाऱ्या ढिगाऱ्याच्या माथ्यावर चाळीस लक्ष टन पाणी ठेवण्यास कोणता स्थापत्य अभियंता मान्यता देईल? अस्तर फाटून पाणी ढिगाऱ्यात मुरले, तर ढिगारा चालू लागेल. ढिगारा टाकतानाच त्याचा गाभा थराथराने दाबून घेतला, तर गोष्ट वेगळी. पण त्यासाठी साठवणीचा विचार खाण उघडताना झाला पाहिजे, मिटताना नव्हे. शिवाय सह्याद्रीत चारशे-पाचशे मीटर पातनाच्या जागा असता दीडशे मीटरांच्या जागेने त्यांच्याशी स्पर्धा करणे सोपे नाही.

कूपात जड वजने वर-खाली करून वीज साठवण्याच्या योजनेस वृत्तपत्रांत भरपूर प्रसिद्धी मिळाली आहे. तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही. स्कॉटलंडमधील लीथ बंदरात २०२१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. पंधरा मीटर उंचीच्या मनोऱ्यावर २५ टनांची दोन वजने टांगली होती. त्यांत साठणारी ऊर्जा दोन युनिट भरते. एवढी वीज घरातील पाणी तापविण्याचा बंब तासाभरात खातो. खोल कूपात व अधिक वजनाने हा आकडा वाढतो खरा. बारा हजार टन वजन आठशे मीटर उतरविले, तर २६ मेगावॅट-तास मिळतात. पण पाणी नळातून आपोआप वाहते आणि बारा हजार टन लोखंड दोरांनी पेलावे लागते. ही यंत्रणा क्षणार्धात वीज देऊ शकते, हा तिचा खरा गुण आहे. विजेच्या जाळ्यातील क्षणिक हेलकावे आवरण्यास तिचा उपयोग होईल. फिनलंडमधील प्युहासाल्मी येथील बंद धातुखाणीच्या ५३० मीटर कूपासाठी २०२४ मध्ये जी योजना जाहीर झाली, तीही दोन मेगावॅटचीच होती.

दाबलेली हवा किंवा वायू खाणीत साठविण्याचा विचार त्याहून जुना आहे. दाबलेल्या हवेचे जर्मनीतील हुंटोर्फ येथील केंद्र १९७८ पासून चालू आहे. परंतु त्याच्या गुहा मिठाच्या थरात विरघळवून केलेल्या आहेत, आणि मीठ स्वतःच्या भेगा स्वतः बुजविते. कोळसा तसे करीत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडोमधील लेडन ही कोळशाची खाण सुमारे चार दशके नैसर्गिक वायूच्या साठ्यासाठी वापरली गेली, आणि बेल्जियममध्ये अँडरल्यू व पेरॉन येथेही तसाच प्रयत्न झाला. गळतीचा प्रश्न या प्रयोगांची पाठ सोडीना, आणि अखेर तिन्ही ठिकाणचे साठे बंद करण्यात आले.

बंद कोळसाखाणीच्या ज्या उपयोगाला सर्वांत निर्विवाद यश आले, तो विजेचा नसून उष्णतेचा आहे. नेदरलँड्समधील हेरलेन गावाच्या खाणी १९७४ पर्यंत बंद झाल्या आणि पाण्याने भरून गेल्या. २००८ मध्ये त्या पाण्याचा उपयोग इमारती उबदार ठेवण्यासाठी सुरू झाला. सातशे मीटर खोलीवरचे पाणी २८ अंश सेल्सिअसचे, तर वरच्या थरातील १६ अंशांचे असते. एकातून ऊब घ्यावयाची व दुसऱ्यातून गारवा. पुढे हा नुसता उपसा न राहता खरी साठवण झाली: उन्हाळ्यात इमारतींतून काढलेली उष्णता खाणीत सोडावयाची व हिवाळ्यात ती परत घ्यावयाची. येथे छत कोसळले काय किंवा गोफ दबला काय, फारसे बिघडत नाही. भेगाळलेल्या खडकातून पाणी फिरले म्हणजे झाले. पाण्याची पातळी रोज चढत-उतरत नाही, त्यामुळे अम्लाचाही उपद्रव कमी. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे २०२३ मध्ये असेच सहा मेगावॅट उष्णतेचे केंद्र सुरू झाले. चंद्रपूरला घरे तापविण्याची गरज कोणासही नाही. तेथे उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. परंतु याच कारणाने तेथील खाणींतील पाणी वातानुकूलन यंत्रांची उष्णता शोषून घेण्यास उपयोगी पडावे. बाहेरच्या ४७ अंशांच्या हवेत उष्णता टाकण्यापेक्षा तीसएक अंशांच्या पाण्यात ती टाकताना यंत्रास वीज बरीच कमी लागते. एखाद्या रुग्णालयापुरता किंवा महाविद्यालयापुरता असा प्रयोग अल्प खर्चात करून पाहता येईल. याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, याचे आश्चर्य वाटते.

आता विद्युत्केंद्रांकडे वळावे. बंद केंद्रात मौल्यवान काय उरते? सामान्य माणसाची दृष्टी धुराड्यांकडे व बाष्पकांकडे जाते, आणि त्यांची किंमत मोडीची असते. खरी संपत्ती कुंपणापलीकडे दिसते: स्विचयार्ड, रोहित्रे, आणि तेथून निघणाऱ्या उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्या. नव्या वाहिनीसाठी जमीन व परवाने मिळविण्यात वर्षे जातात. येथे ती उभीच असते. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. या केंद्रातील २१० मेगावॅटचे पहिले दोन संच पुढे निवृत्त झाले. वाहिनी आहे तेथेच आहे.

याच कारणाने जगभर बंद कोळसाकेंद्रांच्या जागी विद्युत्घटांची कोठारे उभी राहत आहेत, आणि या विषयात ज्याला खरोखर घडलेले कार्य म्हणता येईल त्यातील बहुतेक याच प्रकारचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील हेझलवूडचे उदाहरण बोलके आहे. १६०० मेगावॅटचे हे लिग्नाइटवरील केंद्र मार्च २०१७ मध्ये बंद झाले. कामगारांस बंदीची वार्ता केवळ पाच महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये मिळाली होती. केंद्र व खाण मिळून सुमारे ७५० माणसांची उपजीविका त्यावर होती. मे २०२० मध्ये आठही धुराडी सुरुंग लावून पाडण्यात आली. जून २०२३ मध्ये त्या आवारात १५० मेगावॅट वीज एक तास देणारे घटकोठार सुरू झाले. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही जुन्या वाहिन्यांची उत्तम योजना आहे. परंतु घटकोठारास कोळसा वाहणारा, राख उचलणारा किंवा बाष्पक राखणारा माणूस लागत नाही. त्याच्या देखभालीस मोजकी माणसे पुरतात. जागेचा पुनरुपयोग झाला, तसा माणसांचा झाला नाही. आणि जेथे असे प्रकल्प ‘कामगारांसाठी’ म्हणून पुढे मांडले जातात, तेथे हा आकड्यांतील फरक प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. खाणीचा खड्डाही तेथे उरला आहेच. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच्या उघड्या कोळशास आग लागून ती ४५ दिवस जळत होती. तो पाण्याने भरून टाकावा, असा विचार पुढे आला आहे. त्यास सहाशे अब्ज लिटरांहून अधिक पाणी लागेल. तेथे पाणी हवे आहे ते वीज साठवण्यासाठी नव्हे, तर कड कोसळू नये व कोळसा पुन्हा पेटू नये म्हणून.

जुन्या इमारतींचा मोह मात्र टाळावा, असा एक इशारा कॅलिफोर्नियातून मिळाला. मॉस लँडिंग येथील केंद्र कोळशाचे नसून वायूचे होते. त्याच्या जुन्या टर्बाइनगृहातच ३०० मेगावॅटचे घट रचलेले होते. १६ जानेवारी २०२५ रोजी त्यांना आग लागली आणि सभोवतालच्या हजाराहून अधिक रहिवाशांस घरे सोडावी लागली. उघड्यावर सुट्या पेट्यांत, मध्ये अंतर राखून ठेवलेल्या घटांपैकी एखादा पेटला तर तेवढाच जळतो. एका छपराखाली दाटीने रचलेले घट एकमेकांस पेटवितात.

बाष्पक काढून त्या जागी वितळलेल्या क्षारांची टाकी बसवावी आणि टर्बाइन, जनित्र व संघनित्र तसेच ठेवावेत, असाही एक प्रस्ताव जर्मनी व चिली या देशांत मांडला गेला आहे. सोडियम व पोटॅशियम यांच्या नायट्रेटांचे मिश्रण विजेने ५६५ अंशांपर्यंत तापवावयाचे, आणि त्यावर वाफ करून जुने टर्बाइन फिरवावयाचे. यात केंद्राचा मोठा भाग आणि तेथील वाफ जाणणारी माणसे, दोन्ही कामास राहतात. घटकोठारापेक्षा हा मार्ग कामगारांना अधिक जवळचा आहे. त्याची किंमत थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमास चुकवावी लागते. विजेची उष्णता करताना काही जात नाही, पण उष्णतेची वीज करताना शंभरातील चाळीसच परत मिळते. घाटघरचे पाणी पंचाहत्तर देते. दुपारची सौरवीज जेथे अक्षरशः फुकट जाते, तेथे साठ टक्के गमावणे परवडेल, अन्यत्र नाही.

भारतात खाणबंदीच्या आराखड्यांविषयी केंद्र सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक नियम केले, आणि त्यांनुसार खाण चालू असतानाच बंदीच्या खर्चासाठी पैसा बाजूस ठेवावा लागतो. कूप बुजविणे, ढिगाऱ्यांवर झाडे लावणे, खड्ड्यास कुंपण घालणे या गोष्टी अशा आराखड्यात असतात. खांबांची सद्यःस्थिती, पाण्याची अम्लता व पातळीनुसार तापमान, कूपाच्या अस्तराची मजबुती, ढिगाऱ्याचे दबणे, स्विचयार्डाची शिल्लक क्षमता यांची मोजमापेही पंप चालू असतानाच घेता येतात, आणि त्यांस फारसा खर्च येत नाही. पंप काढून घेतले म्हणजे पाणी चढू लागते, आणि काही महिन्यांत खालच्या मार्गांवर कोणासही उतरता येत नाही.